नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत बारशाच्या दिवशी मुलाचे नाव ठेवतात. पुढे माणसे नावे ठेवतात. दोहोंत अंतर एका मात्रेचे; परंतु त्या मात्रेपाशी पुष्कळ आईबापांचा जीव अडकलेला असतो. भिवंडीतील एखाद्या बालवाडीत तीन वर्षांचे एक मूल आहे, असे समजा. हाक मारली तर ते वळत नाही. मात्र खाऊचा डबा उघडल्याचा आवाज त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकास ऐकू येतो. हवे ते बोटाने दाखवीत नाही. बाईंचा हात धरून तो कपाटाकडे नेते. ठोकळ्यांचे घर करीत नाही, रांग लावते, आणि रांग मोडली की आकांत मांडते. काही विचारले तर आपलाच प्रश्न आपल्याला परत करते. बाईंच्या मनात शंका येते. ती त्यांनी आईच्या कानावर घालावी काय? घातल्यास त्या मुलाला नाव देतात की नावे ठेवतात? प्रश्न वैद्यकाचा दिसतो. आमच्या मते तो प्रथम नीतीचा आहे.

नावाला भिणारे आईबाप अडाणी असतात, असे समजण्याचे कारण नाही. या नावाचा इतिहासच भीती वाटावी असा आहे. ‘ऑटिझम’ हा शब्द स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ साली वेगळ्याच आजाराच्या संदर्भात रूढ केला. अशा मुलांची बारकाईने वर्णने सोव्हिएत रशियात ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी १९२५ साली केली, तिकडे बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली आणि हे नाव मुलांना चिकटले. त्यांच्या लेखनात आईबापांच्या थंडपणाचाही उल्लेख होता. त्या ठिणगीचा पुढे वणवा झाला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात दोषाचे बोट थेट आईकडे वळविले. स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ सालीच मेंदूच्या घडणीकडे लक्ष वेधले होते. तरी कित्येक मातांनी तो कलंक आयुष्यभर वाहिला. व्हिएन्नाचे हान्स आस्पर्गर यांचे नाव तर निदानालाच दिले गेले होते. नाझी राजवटीत त्यांनी काही मुलांना, जेथे अपंग मुले मारली जात त्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेकडे धाडले होते, हे २०१८ साली कागदपत्रांनिशी पुढे आले.

आपल्याकडील ‘स्वमग्न’ हा शब्द दिसायला सौम्य आहे, पण तोही निर्दोष नाही. स्वतःतच बुडालेला, म्हणजे इतरांची पर्वा नसलेला, असा त्यात एक छुपा आरोप आहे. रांग लावणारे ते मूल स्वतःत मग्न नसते, ठोकळ्यांत मग्न असते. आणि कित्येकदा आपण त्याच्याजवळ यावे असे त्याला वाटत असते, मात्र कसे ते त्याला उमगत नाही. तथापि शब्द रुळला आहे, तेव्हा तो आम्हीही वापरतो.

आता दुसरी बाजू. ‘बोलेल हो, त्याचा बापही उशिरा बोलला होता’, हे वाक्य आपल्या वस्त्यांत फार प्रेमाने उच्चारले जाते. त्यातील माया आम्ही नाकारीत नाही. पण ती माया कोणासाठी असते, हे तपासून पाहावे. आईची रात्र त्या वाक्याने थोडी सुखाची जाते, बोलणाऱ्याचीही एका अवघड प्रसंगातून सुटका होते. मुलाच्या पदरात काय पडते? भाषा, खेळ, दुसऱ्याच्या नजरेमागून नजर नेणे, हे सारे ज्या वयात झपाट्याने आकार घेते, तीच वर्षे वाट पाहण्यात जातात. आणि नाव न दिल्याने मूल बिननावाचे राहते असेही नाही. गल्ली त्याला नाव देतेच: हट्टी, वेडे, बहिरे, लाडावलेले. खरे नाव रोखून धरले की खोट्या नावांना मोकळे रान मिळते. आम्हांस हा मुद्दा निर्णायक वाटतो.

मात्र बाईंनी काय सांगावे, याला मर्यादा आहे. निदान करणे त्यांचे काम नाही. एकेक लक्षण तर पुष्कळ मुलांत थोड्या दिवसांपुरते आढळते. ‘तुमचे मूल स्वमग्न आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी अन्याय ठरेल. ‘महिनाभर पाहते आहे, हाकेला वळत नाही, कान तपासून घ्या आणि वाढीच्या तज्ज्ञांना दाखवा’ हे वाक्य मात्र त्यांचे कर्तव्य आहे. जे पाहिले ते सांगावे, त्याचा अर्थ लावणे अधिकारी माणसावर सोपवावे. याहून महत्त्वाचे असे की मदत सुरू करण्यास प्रमाणपत्र लागत नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे, थोडे शब्द वापरून उत्तरासाठी थांबणे, गोंगाट असह्य झाला तर बसायला एक शांत कोपरा देणे, एक खेळ संपून दुसरा सुरू होण्याआधी सूचना देणे, यासाठी कोणाच्या सहीची गरज काय? आणि यात चूक निघाली, मूल पुढे सहज बोलू लागले, तरी कोणाचे काय बिघडले?

भिवंडीत दोषारोपाला विषय पुष्कळ. यंत्रमागाच्या खडखडाटाने मूल बिघडले, घरात तेलुगू, दारात उर्दू आणि शाळेत मराठी म्हणून गोंधळले, आई मोबाइल हाती देते म्हणून असे झाले. अनेक भाषा कानी पडल्याने कोणी स्वमग्न होत नाही. आवाज काही मुलांना सोसत नाही हे खरे, पण तो कारण नव्हे. सर्वांत घातक आरोप लसीवरचा. १९९८ साली इंग्लंडच्या अँड्र्यू वेकफील्ड यांनी गोवराच्या संयुक्त लसीचा संबंध स्वमग्नतेशी सुचविला. तो लेख ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि याच भिवंडीत गोवराची साथ उसळली. तिची कारणे अनेक असतील. पण लसीविषयीची भीती किती महाग पडू शकते, हे या शहराने अशा रीतीने जवळून पाहिले आहे. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी प्रभूला विचारले होते; तो प्रश्न आजही आपल्या ओट्यावर बसलेला आहे, एवढेच येथे नमूद करतो.

मूल अंगणवाडीत येते तेव्हा प्रथमच ते पंधरावीस समवयस्कांत दिसते, म्हणून घरी न दिसलेले तेथे दिसते. अंगणवाडीची कल्पनाही याच परिसरातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम करताना, मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. त्याच्या यादीत स्वमग्नता आहे, आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका मानधनासाठी संपावर गेल्या. पोषण आहार, वजनाची नोंद, सर्वेक्षण, लसीकरणाचा निरोप, आणि आता अशा मुलाकडे विशेष लक्ष, हे सारे मानधनावर! ‘सेवा’ हा शब्द आपण दुसऱ्याच्या पगाराच्या जागी फार सहज वापरतो.

राहिला एक अवघड प्रश्न: या मुलाला मदत करायची म्हणजे त्याला आपल्यासारखे करायचे काय? ‘माझ्याकडे बघ’ म्हणून हनुवटी धरून मान वळविणारे शिक्षक आहेत. नजरेला नजर देणे ज्याला जड जाते, त्याच्याकडून ती जबरीने घेण्यात समाधान आपले असते. याउलट तहान लागली हे सांगता येणे, हाताने, चित्राने, शब्दाने, कशानेही, यात लाभ मुलाचा आहे. शिकविणे आणि इस्त्री करणे यांतील भेद ठरविण्यास आम्ही एवढीच कसोटी वापरू: या शिकण्याने कोणाची सोय होते? कसोटी सर्वत्र पुरेल असे नाही. टाळ्या वाजविणे, हात हलविणे यांमुळे वर्गाचे चित्त विचलित होत असेल, तर इतर वीस मुलांचाही हक्क आहेच, आणि बाई एकच आहेत.

२०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला एकवीस दिव्यांगत्वांत स्थान दिले. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासून दिला. त्याआधीची वर्षे, जी सर्वांत मोलाची, ती घरच्यांच्या ऐपतीवर. मुंबईस ‘उम्मीद’सारखी संस्था २००१ पासून आहे. पण भिवंडीच्या मागावर काम करणाऱ्याला मुलास घेऊन मुंबईस जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, तपासणीत विचारतात ते मराठीत वा हिंदीत, आई बोलते तेलुगू, आणि पुढची तारीख मिळते ती पुन्हा कामाच्या दिवसाची.