सोवळ्याबाहेरची चव

दिवाळीच्या फराळाशेजारी बिअरचा पेला आणून ठेवतो आहे, म्हणून वाचकांनी रागावू नये. तो पेला मी इंग्लंडात घेतला, सफोक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स या गावी. आणि घेतला तोही एकच. पण त्याने उभा केलेला प्रश्न थेट आपल्या माजघरातला आहे.

त्या गावच्या ‘ग्रीन किंग’ या जुन्या कारखान्याची ‘स्ट्राँग सफोक’ ही दोन बिअरींच्या मिलाफाची. एक ताजी, सौम्य. दुसरी ‘ओल्ड फाइव्ह एक्स’; सुमारे १२ टक्के मद्यार्काची, ओक लाकडाच्या प्रचंड पिंपांत दोन वर्षे मुरलेली. पहिल्या घोटात मनुका आली, काकवी आली, जुन्या लाकडाचा वास आला आणि शेवटी जिभेच्या कडेला एक आंबट चिमटा बसला. नासली की काय, अशी शंका आली. दुसरा घोट मात्र मी त्या चिमट्यासाठीच घेतला.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. बिअर नासण्याचे मोठे भय त्यामुळे टळले. पण इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरला ते लावून पाहिले, तर ती निर्मळ झाली आणि अनोळखीही झाली. कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांनी १९०४ साली उलगडा केला: पिंपात मुरताना मागाहून दुसरेच एक यीस्ट कामाला लागते, ती चव त्याची. त्यांनी त्याला ‘ब्रेटानोमायसिस’ म्हटले. म्हणजे ब्रिटिश बुरशी! हीच बुरशी द्राक्षाच्या मद्यात शिरली, की बहुतेक मद्यकार कपाळाला हात लावतात.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करी. शुद्ध तेच चांगले, हे मी तिच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून शिकलो आणि पुढे माणसांनाही तेच माप लावीत आलो. एका जिवलग मित्राला त्याच्या तिरकस जिभेपायी मी असाच दूर केला. बोचत असे ते खरेच बोले म्हणून, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

म्हणून का साऱ्याच दोषांना पाट मांडायचा? तसेही नाही. हलक्या बिअरला ती बुरशी बिघडवते. पिंप उघडे राहून वारा लागला, तर उरतो तो शिरका. दोष मुरायला मुळात कस लागतो, झाकण लागते. आणि इतके होऊनही त्या जुन्या बिअरच्या जोडीला ताजी घालावी लागतेच. मित्राचा तिरकसपणा कसदार मनात मुरलेला होता, की नुसताच आंबलेला, हे मी कधी पाहिले नाही. आणि त्याच्या जोडीला घालायला माझ्यापाशी काही ताजे, सौम्य होते का, हेही नाही.

यंदा त्याला दिवाळीचे पत्र टाकले आहे. उत्तर आलेच, तर आंबट येईल.