दरवाज्याची एक मोकळीक

संगणक अजून सुरू करू नका. नीट बसा, पाठ टेकवा आणि मनाने भोरजवळच्या भाटघर धरणावर या. दिवस ऑगस्टचे धरा. वेल्ह्याकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस वेळवंडीतून खाली उतरला आहे आणि धरण काठोकाठ आहे. 1920च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झालेल्या या दगडी धरणाला तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव होतं. आज जलाशयाला येसाजी कंकांचं आहे. भिंतीमागे साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. आपल्याला त्यातलं एवढंच हवं आहे: इथे 45 स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात.

त्यातला एक दरवाजा आज आपल्याला मनातल्या मनात कॅड सॉफ्टवेअरमधली असेंब्ली, म्हणजे भागाला भाग लावून केलेली जोडणी, म्हणून उभा करायचा आहे. सावकाश. एक भाग ठेवायचा, थांबायचं, बघायचं, मग पुढचा.

आधी कल्पना समजून घ्या. विजेवाचून, माणसावाचून दार हलवायचं तर ते काम पाण्याकडूनच करून घ्यावं लागतं. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला बसवलेले दरवाजेही असे आपोआप चालणारे होते आणि त्यांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. दर ठिकाणी रचनेचे तपशील वेगळे असतात. आपण सगळ्यात साधी रचना घेऊ. एका बाजूला लोखंडी दार. साखळी कप्पीवरून जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, एका हौदात, दारापेक्षा थोडं जड वजन लटकतं. हौद कोरडा असतो तोवर वजन दाराला वर धरून ठेवतं आणि पाणी अडतं. पातळी वाढली की पाणी हौदात शिरतं. वजन पाण्यात बुडतं, जितकं पाणी बाजूला सारेल तितकं हलकं होतं आणि दार त्याला पेलेनासं होतं. दार खाली सरकतं, पाणी त्याच्यावरून वाहून जातं. पूर ओसरला की हौद रिकामा होतो आणि दार पुन्हा वर येतं.

हे दोनदा मनात चालवून बघा. घाई नाही.

आता जोडायला घ्या. पहिला भाग कुठला? नवशिका दारापासून सुरुवात करतो, कारण दार डोळ्यांत भरतं. तसं करू नका. पहिला भाग भिंत. ती ठेवा आणि फिक्स करा. काही सॉफ्टवेअरमध्ये याला ग्राउंड करणं म्हणतात. पुढचं सगळं हिच्या भरवशावर उभं राहणार आहे, म्हणून हिला कुणाचाही आधार नको.

मग दार आणा. ते अजून हवेत तरंगतं आहे. त्याच्याकडे शांतपणे पाहा आणि त्याच्या मोकळिका मोजा. ते पुढे-मागे जाऊ शकतं, डावीकडे-उजवीकडे जाऊ शकतं, वर-खाली जाऊ शकतं. शिवाय या तिन्ही अक्षांभोवती फिरू शकतं. एकूण सहा. आपल्याला यातल्या किती हव्यात? एक. फक्त वर-खाली. पाच बांधायच्या आणि एक राखायची, एवढंच काम. पण मेट किंवा कन्स्ट्रेंट, म्हणजे दोन भागांना एकमेकांशी बांधणारी अट, लावताना आपलं सगळं लक्ष बांधण्याकडे असतं आणि राखायचं काय ते कुणी कागदावर लिहीत नाही. तुम्ही लिहा. प्रत्येक भागासमोर आधी त्याची राखीव हालचाल लिहा आणि मगच माऊसला हात लावा.

दाराची पाठ भिंतीतल्या खाचेच्या पृष्ठभागाला लावा. एका मेटने तीन मोकळिका गेल्या: पुढे-मागे सरकणं आणि दोन दिशांना कलणं. आता दाराची डावी कड खाचेच्या डाव्या बाजूला लावा. डावं-उजवं संपलं आणि उरलेलं फिरणंही संपलं. पाच झाल्या. थांबा.

हात इथेच शिवशिवतो. उजवी कड मोकळी दिसते आणि वाटतं, तिलाही लावून टाकू, पक्कं होईल. लावून बघा. दाराची रुंदी आणि खाचेची रुंदी अगदी एक असली तर सॉफ्टवेअर निमूट मान्य करतं, लाल काही होत नाही. महिन्याभराने कुणीतरी दाराची रुंदी 5 मिलिमीटरने कमी करतं, कारण प्रत्यक्षात दाराला दोन्ही बाजूंना फट लागतेच. त्या क्षणी मेट्सची सगळी यादी लाल होते आणि असेंब्ली ओव्हरडिफाइन्ड म्हणून अडते. दोष महिन्याभरापूर्वीचा असतो, दिसतो आज, आणि शिव्या रुंदी बदलणाऱ्याला बसतात. माझ्या मते संगणकाने लाल करून दाखवलेल्या चुकांपेक्षा या आकडे जुळल्यामुळे लपलेल्या चुकाच जास्त महाग पडतात.

यावर थोडा वेळ राहा. मावळातल्या वाडीवर तीन दगडांची चूल मांडतात. जमीन कशीही असो, भांडं तिन्ही दगडांवर टेकतंच. चौथा दगड मांडलात तर तो बरोबर त्या तिघांच्या पातळीत यावा लागतो, नाहीतर भांडं डुगडुगतं. दाराच्या पाठीलाही टेकायला तीनच बिंदू लागतात. उजव्या कडेला मेट लावू नका. फट किती आहे ते फक्त मोजा.

आता वजन. त्याच्याही सहा मोकळिका मोजा, पाच बांधा, वर-खाली राखा. राहिली साखळी. ती कडी-कडीने मॉडेल करायचा मोह होईल. शंभर कड्या म्हणजे शंभर भाग आणि प्रत्येकाच्या सहा मोकळिका. या अटी सोडवणारा बिचारा सॉल्व्हर हालचालीच्या प्रत्येक पायरीला एवढं सगळं सोडवत बसेल. साखळीचं खरं काम एका वाक्यात मावतं: दार जेवढं खाली, वजन तेवढं वर. तेवढाच संबंध द्या. चित्रापुरती साखळी हवी असेल तर रेखाटून ठेवा. दार आणि वजन मिळून दोन हालचाली होत्या, संबंध एक लागला, उरली एक. हवं होतं ते हेच. आता वरची आणि खालची मर्यादा द्या, नाहीतर माऊसने ओढलेलं दार धरणाच्या पायातून आरपार जाईल आणि सॉफ्टवेअरला त्याचं काहीच वाटणार नाही.

श्वास सोडा. एक दार झालं. उरली 44.

इथे गट करण्याचा प्रश्न येतो. गट कशावरून करायचे? बहुतेक ठिकाणी मी बघतो ते जातीवरून: सगळे बोल्ट एका फोल्डरमध्ये, सगळ्या प्लेटा दुसऱ्यात. ही भांडारातली मांडणी झाली. खरेदीवाल्यांना ती हवी असते, पण बोल्टची मोजदाद पार्ट्सची यादी आपोआप काढून देते. डिझाइनमध्ये गट हालचालीवरून करावा. जे एकत्र हलतं ते एकत्र ठेवायचं. दाराची पत्र्याची पाटी, तिच्या मागच्या आडव्या पट्ट्या, बोल्ट, साखळीची कडी, हे सगळं एकमेकांच्या मानाने कधीच हलत नाही; ती एक सब-असेंब्ली. वजन आणि त्याची कडी, दुसरी. भिंतीत गाडलेल्या खाचा आणि कप्पीचा कठडा, तिसरी. ही तिन्ही मिळून जे होतं त्याला ‘दरवाजा-संच’ म्हणा. खरोखर तसं नाव द्या. ‘असेंब्ली7’ म्हणून सोडू नका. सहा महिन्यांनी ती फाइल तुम्हालाच उघडायची आहे.

उरलेली 44 दारं पुन्हा जोडायची नाहीत, नकला करायच्या. मूळ एक, नकला अनेक, आणि मुळात बदल केला की सगळ्या नकला बदलतात, ही सोय फार जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये एमआयटीत सादर केलेल्या स्केचपॅडमध्ये ती होती, आणि ‘या दोन रेघा समांतर राहोत’ अशा अटी घालायची सोयही त्यातच होती. आज आपल्याकडे पोरं मोफत फ्रीकॅडवर शिकतात. त्याच्या नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत असेंब्लीची वर्कबेंच मुळातच आली, आधी ती वेगळी जोडून घ्यावी लागे.

संचाच्या 45 नकला करा. पण बांधायच्या कुणाला? डोळे मिटून दोन्ही तऱ्हा बघा. पहिली: दुसरा संच पहिल्याला, तिसरा दुसऱ्याला, अशी रांग. प्रत्येक टप्प्याला 2 मिलिमीटरची चूक धरा. 44 टप्प्यांनंतर शेवटचा संच 88 मिलिमीटर सरकलेला असेल. आणि 12वा काढलात तर 13 ते 45 असे 33 संच निराधार. दुसरी तऱ्हा: धरणाच्या माथ्याची मध्यरेषा भिंतीतच आखून ठेवा आणि प्रत्येक संच थेट तिच्यापासून मोजा. आता 12वा काढा. बाकीच्यांना काही होत नाही.

आता कुठलंही एक दार माऊसने ओढा. बहुधा ते हलणार नाही. घाबरू नका, मेट्स बरोबर आहेत. वरच्या असेंब्लीत आलेला संच सॉफ्टवेअर अखंड दगडासारखा धरतं. त्याला फ्लेक्सिबल करावं लागतं, तेव्हा आतली राखीव हालचाल वर दिसते. पण सगळ्या 45 संचांना फ्लेक्सिबल करून फाइल जड करू नका. एक चालता ठेवा, बाकीचे तपासणीपुरते.

शेवटची तपासणी दुरुस्तीवाल्याच्या बाजूने करा. दाराच्या कडेचं रबरी सील झिजतं आणि बदलावं लागतं. मनातल्या असेंब्लीत ते सील सप्रेस, म्हणजे तात्पुरतं बंद, करा आणि मेट्सची यादी वरपासून खालपर्यंत वाचा. एखादी ओळ लाल झाली, तर कुणीतरी दार खाचेला न लावता सीलला लावलं आहे. ती मेट शोधा, काढा, दाराची पाठ खाचेला लावा आणि सील परत चालू करा.