आधी शिकायचे शिक्षिकेने

तारिहाळ हे हुबळीच्या वेशीवरचे गाव आता औद्योगिक वसाहतीच्या नावानेच जास्त ओळखले जाते. कारखाने आले की त्यांच्यामागून बिऱ्हाडे येतात आणि बिऱ्हाडांबरोबर भाषा येतात. आई-बाप पाळीवर गेले की मूल अंगणवाडीत, आणि तिथली भाषा कन्नड. धारवाड जिल्ह्यातच कलघटगीकडे आणि तिथून पुढे हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात गेले तर गवळ्यांच्या वस्त्या लागतात; त्यांच्या घरात मराठीची एक बोली नांदते. सिद्दींच्या घरात कोकणीला लागून असलेली बोली आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. या घरांतले तीन-चार वर्षांचे मूल पहिल्यांदा शाळेच्या उंबरठ्यावर येते तेव्हा समोरच्या बाई काय बोलतात ते त्याला उमगत नाही. मुलाच्या पुढच्या शिक्षणाचे बरेचसे भवितव्य त्या पहिल्या महिन्यातच ठरते, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाशी या विषयावर बोलायला धारवाडइतकी योग्य जागा नाही. कारण इथे एकेकाळी मुलाला न उमगणारी ती भाषा मराठी होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. कचेरीची भाषा मराठी राहिली, सरकारी शाळाही मराठीच निघाल्या. घरी-दारी कन्नड बोलणारे पोर मराठी धुळाक्षरे गिरवायला बसवले गेले. वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास धारवाडला स्वतःच्या खर्चाने कन्नड शाळा काढली. पण चित्र खऱ्या अर्थाने पालटले ते शिक्षणखात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांच्या काळात. हुद्दाच त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. त्यांनी गावोगाव कन्नड शाळा उभ्या राहाव्यात म्हणून खटपट केली आणि धारवाडच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये कन्नड शिक्षकांची पिढी घडवण्याचे काम हाती घेतले. वरिष्ठांपैकी रसेलसाहेबांचा त्यांना पाठिंबा होता. १८८१ मध्ये चन्नबसप्पा गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. आज धारवाड कन्नड साहित्याची राजधानी मानले जाते. त्याचा पाया कवींच्या आधी प्राथमिक शिक्षकांनी घातला.

हा इतिहास आपण मराठी माणसे फारसा सांगत नाही. बेळगाव-कारवारच्या सीमाभागात मराठी शाळांसाठी आपण पोटतिडकीने बोलतो, आणि ते बोलणे रास्तच आहे. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत शिकता यावे हे राज्यघटनेच्या ३५०अ कलमातच सांगितले आहे. मात्र तेच माप आपल्या घरात लावायचे झाले तर डहाणू, जव्हार, धडगाव, एटापल्ली इथे प्रमाण मराठी ही मुलासाठी काय आहे, याचे उत्तर द्यावे लागते. वारली, कोकणा, पावरी, भिली, गोंडी, माडिया, कोरकू. महाराष्ट्रातली ही लेकरे पहिलीच्या वर्गात जे ऐकतात, ते धारवाडच्या त्या जुन्या मुलांपेक्षा वेगळे नाही. या प्रश्नाशी ज्या मराठी बाईने जन्मभर झुंज घेतली, तिच्या कामाकडे मला पुन्हा वळावेसे वाटते.

अनुताई वाघ १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळात अशा मुलीसमोर स्वयंपाकघरातला कोपरा आणि शिक्षिकेची नोकरी, एवढ्या दोनच वाटा होत्या. अनुताईंनी ट्रेनिंग कॉलेजचा अभ्यास पुरा केला, खेड्यात शिकवले, मग पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षे शिकवले. शिकवता शिकवता १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा साल होते १९६१ आणि वय एकावन्न. तोवर त्यांच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिका कामाला लागून वर्षे लोटली होती. जिला स्वतःला शिकण्यासाठी एवढे झगडावे लागले, तिला न शिकलेले मूल ‘मठ्ठ’ कधीच वाटू शकत नाही. अनुताईंच्या सगळ्या कामाचे मूळ मला तिथे दिसते.

१९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातली प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गेल्या होत्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे दादरला शिशुविहारही ताराबाईंनी उभा केला. पण शहरात मध्यमवर्गाच्या मुलांसाठी माँटेसोरी पद्धतीची शाळा नीट चालवून दाखवल्यावर त्यांना पुढचा प्रश्न छळू लागला. जी पद्धत महाग साहित्यावाचून चालत नाही, ती गरिबाच्या मुलाची कशी होणार? त्या उत्तरासाठी त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. डिसेंबर १९४५ मध्ये तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि हुजूरपागेची पक्की नोकरी सोडून अनुताई तिथे रुजू झाल्या.

साल नीट लक्षात घ्या. त्याच वर्षी, त्याच पट्ट्यात, उंबरगाव-डहाणूच्या जंगलात वारली उठले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही जमीनदाराचे गडी व्हायचे. त्याला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकर वेठीच्या विरोधात त्यांना उभे करत होत्या. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. गोदावरीबाईंचा मार्ग संघर्षाचा आणि ताराबाई-अनुताईंचा मार्ग बालवाडीचा म्हणून आपल्याकडे या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या जातात. मला त्या एकमेकींना लागून वाटतात. वेठ संपल्याशिवाय मूल शाळेसाठी मोकळे होत नव्हते. आणि मूल मोकळे झाले तरी शाळेने त्याला आपले म्हटल्याशिवाय ते तिथे टिकत नव्हते.

सुरुवातीला आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. का येत नाहीत, हे विचारायला या बाया पाड्यावर गेल्या. कारणे डोळ्यांसमोर होती. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली. मुलगा गुरांमागे कुरणात. पोट रिकामे. आणि शाळेचा गुरुजी म्हणजे खाकी कपड्यातल्या माणसाइतकाच परका. यातल्या प्रत्येक कारणाला केंद्राने एकेक उत्तर दिले. भावंडासाठी पाळणाघर. गुरांमागच्या मुलासाठी कुरणशाळा, म्हणजे शिक्षकच कुरणात जाईल आणि गुरे चरत असताना शिकवेल. आणि पाड्यावरून न येणाऱ्यांसाठी पाड्याच्या अंगणातच भरणारी वाडी: अंगणवाडी. आज सरकारी कागदांत रुळलेला हा शब्द इथला आहे. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हा तिथला पहिला पाठ होता आणि तो आयांसमोर, उघड्यावर चालायचा. शिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, रंगीत खडे हे गणिताचे आणि रंगओळखीचे साहित्य. पुढे १९५६-५७ च्या सुमारास सगळा पसारा कोसबाडच्या टेकडीवर गेला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदवणारी विकासवाडी तिथे फुलली.

इथवरची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते. अनुताईंवर लिहिणारे लेख इथे थांबतात आणि मग १९८५ ची पद्मश्री, जमनालाल बजाज पुरस्कार यांच्याकडे वळतात. माझ्या मते कोसबाडचे सर्वांत मोलाचे काम याच्या मागे होते आणि ते डोळ्यांत भरत नाही. ते शिक्षिका घडवण्याचे काम होते.

कुरणशाळा चालवायची तर शिक्षकाला काय काय यायला हवे, याचा विचार करून पाहा. कोणत्या महिन्यात गुरे कुठल्या माळावर जातात ते ठाऊक हवे. घंटेविना, फळ्याविना, मुलाच्या लक्षातला जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात धडा बसवता यायला हवा. मुलाचे बोलणे समजायला हवे. यातले काहीही पुस्तकी डी.एड.मध्ये मिळत नव्हते, आजही फार मिळते असे नाही. बालसेविकांचे वर्ग टेकडीवर भरत आणि त्यांचा सराव पाड्यावर होई. शिकाऊ मुलीला आधी पाड्याची ओळख करून घ्यावी लागे. वारल्यांच्या घरात लग्नाचे विधी गाणारी धवलेरी ही बाई असते. कणसरी ही त्यांची धान्याची देवी. लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात त्याही बायाच. म्हणजे शाळेत येणारे मूल आजी-आईकडून शेकडो ओळी ऐकत, चित्रे पाहत वाढलेले असते. भिंतीवरच्या चौकातली झाडे, प्राणी, तारपा या वाद्याभोवतीचा नाच हे सारे त्याला वाचता येते. शिक्षिकेला तेवढे माहीत नसेल तर तिच्या लेखी ते मूल कोरी पाटी ठरते. प्रशिक्षणाचा अर्थ अनुताईंनी असा लावला, की शिक्षिकेने मुलाला शिकवण्याआधी मुलाच्या घराकडून शिकावे.

यात एक अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. कोसबाडच्या शाळांतही शेवटी अक्षरओळख मराठीचीच होती. वारली बोलीतून पुस्तके, वारली बोलीतून पूर्ण प्राथमिक शिक्षण, इथवर ते काम पोचले नाही. ताराबाई आणि अनुताई मुलाला त्याच्या बोलीतून हात धरून प्रमाण मराठीच्या अंगणात आणत होत्या. बोलीला स्वतःचे घर बांधून देणे पुढच्यांवर राहिले. आज त्याची दुसरी बाजू गडचिरोलीत दिसते. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर शिक्षणखात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस काढली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच, शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा, असे म्हटले आहे. त्या कायद्याच्या आधाराने मातृभाषेची शाळा बंद पाडायला निघणे हा अन्याय आहे, आणि तो मराठी राज्यात होतो याची मला लाज वाटते.

अंगणवाडीचे काय झाले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात अशा सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. तारिहाळच्या कन्नड अंगणवाडीच्या पाटीवरही कोसबाडचाच शब्द आहे. कुपोषणाशी आणि रोगांशी लढण्यात या केंद्रांनी केलेले काम मोठे आहे आणि ते सेविकांनी तुटपुंज्या मानधनावर केले आहे. पण नाव गेले तिथे पद्धत गेली नाही. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाची बोलावणी, नोंदवह्या, आता मोबाइलवरची माहिती, वरून सर्वेक्षणे. यातून बालशिक्षणाला जो वेळ उरतो त्याच्यासाठी सेविकेची तयारी किती, तर कामावर रुजू झाल्यावरचे काही दिवसांचे वर्ग. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. तो मुख्यतः टीव्ही आणि मोबाइलवरून घ्यायचा, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट. कोसबाडला जे पाड्यावर बसून शिकवले जाई, ते पडद्यावरून येणार नाही. मुलाच्या घरात शिरून शिकण्याला दूरशिक्षणाचा पर्याय नाही.

हे अशक्यही नाही. अनुताईंनी वयाच्या सत्तरीनंतर, १९८२ मध्ये, प्रा. रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था काढली आणि डहाणूच्या परिसरात शिक्षकांसोबतचे काम पुढे नेले. त्या परंपरेत घडलेल्या माणसांनी वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट संस्था उभी केली. ती अंगणवाडी सेविकांना वर्गात, त्यांच्या शेजारी बसून साथ देते. कोसबाडच्या शिक्षिका काही अलौकिक बाया नव्हत्या; साध्या घरच्या मुली होत्या, त्यांना पुरेसा वेळ, चांगला गुरू आणि एक पाडा मिळाला. एवढे तिन्ही आजही देता येते.

अनुताई २७ सप्टेंबर १९९२ ला गेल्या. त्यांच्या नावाच्या पुरस्कारांची आणि जयंत्यांची उणीव नाही. महाराष्ट्र सरकारने त्यापेक्षा एक काम करावे: आदिवासी तालुक्यांत नवी सेविका नेमताना तिला त्याच पाड्याची बोली येते की नाही हे आधी पाहावे, येत नसेल तर शिकण्यासाठी पगारी तीन महिने द्यावेत, आणि तोवर तिच्याकडून एकही नोंदवही मागू नये. कर्नाटक सरकारकडे गवळ्यांच्या आणि सिद्दींच्या मुलांसाठी आपण हीच मागणी करावी. सीमेच्या या बाजूला एक न्याय आणि त्या बाजूला दुसरा, असे मागणाऱ्याचे कोणी ऐकणार नाही. बेळगावच्या मराठी शाळेसाठी सही करणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे, की मोहगावच्या गोंडी शाळेसाठीही सही करा.