पहारा आणि सोबत

आधार देणे आणि पाळत ठेवणे यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न कुटुंबसंस्थेइतकाच जुना आहे. लहान मुलांच्या बाबतीत आपण तो फारसा विचारीत नाही. वृद्धांच्या बाबतीत मात्र तो विचारावाच लागतो. कारण आज ज्यांच्यावर नजर ठेवायची, ते कालपर्यंत घराचे कर्ते होते. अलीकडे हा प्रश्न एका लहानशा यंत्राच्या रूपाने घरात आला आहे.

अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९७४ साली ‘लाइफलाइन’ची स्थापना केली. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने अंगावर एक बटण बाळगावे, ते दाबताच दूरध्वनीवरून मदतकेंद्राला संदेश जावा आणि केंद्राने शेजारी, नातलग वा रुग्णवाहिका यांना कळवावे, अशी ही योजना. पुढे मोबाइल आला. २०१८ पासून ॲपलच्या मनगटी घड्याळात पडण्याची चाहूल घेण्याची सोय झाली. माणूस जोरात पडला आणि त्यानंतर सुमारे मिनिटभर हालला नाही, तर घड्याळ स्वतःच आपत्कालीन सेवेला फोन लावते व नेमून दिलेल्या आप्तांना ठिकाण कळविते. या आप्तांसाठी आता स्वतंत्र ॲप तयार होऊ लागली आहेत. आईवडील गावी आणि मुले आखातात वा कॅनडात, अशी स्थिती असलेल्या आपल्या घरांनाही ती परकी राहिलेली नाहीत.

यंत्राची गरज खरी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या वृद्धांचा वर्षभर पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडलेल्या ६६ जणांपैकी ५३ जणांना निदान एकदा तरी आपणहून उठता आले नाही आणि २० जण तासभर वा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिले. अनेकांकडे मदतीचे बटण होते; तरीही दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगी ते वापरले गेले नाही. कोणाला ते दाबणे जमले नाही, कोणाला त्याची आवश्यकता वाटली नाही आणि कोणाला आपले स्वातंत्र्य जाईल अशी धास्ती होती.

ही धास्तीच विचार करण्याजोगी आहे. बटण दाबले की मुले काळजीत पडतील, मग एकटे राहू देणार नाहीत, असा हिशेब एखादी वृद्धा जमिनीवर पडल्या पडल्याही करीत असेल. यावर रचनाकाराचे सोपे उत्तर असे, की बटणावर विसंबूच नये. आई किती वाजता उठली, कोठे गेली, किती पावले चालली, हे सारे मुलीच्या पडद्यावर आपोआप उमटावे. परंतु या उत्तराने धास्ती दूर होत नाही, खरी ठरते.

कोणी म्हणेल, जीव वाचत असेल तर एवढा संकोच कशाला? हा आक्षेप हलका नाही. ज्यांची स्मृती ढळली आहे, ज्यांना घरचा रस्ता सापडत नाही, त्यांच्या बाबतीत ठाव लागणे हीच दया ठरते. पण शुद्धीत असलेल्या माणसाला तोच न्याय लावणे, म्हणजे त्याची शुद्ध हरपण्याआधीच ती हरपली असे मानणे होय. म्हणून माहिती संकटाच्या प्रमाणात मिळावी. पडल्याची सूचना तत्काळ जावी. दिवसभराच्या हालचालींचा तपशील मात्र तिने अनुमती दिली तरच दिसावा. आपल्याविषयी कोण काय पाहते, हे तिलाही पाहता आले पाहिजे, आणि नको असेल ते बंद करता आले पाहिजे.

न्यायाची दुसरी बाजू काळजी वाहणाऱ्याची. पुष्कळ घरांत हा भार एकाच व्यक्तीवर, बहुधा मुलीवर वा सुनेवर, येऊन पडतो. ॲपमध्ये पहिला क्रमांक तिचा घातला, की भावंडे निश्चिंत होतात आणि तिची झोप उडते. घड्याळ टेबलावर आपटले तरी सूचना वाजणार; अशा दहा खोट्या सूचनांनंतर अकरावी खरी असली तरी कान दगावलेलाच असतो. तेव्हा पाळ्या वाटून देणे, ‘आज रात्रीची जबाबदारी धाकट्या भावाने स्वीकारली आहे’ असे स्पष्ट दाखविणे, शेजाऱ्यालाही त्या यादीत मानाने स्थान देणे, या गोष्टी ॲपच्या रचनेत गौण मानू नयेत. विश्रांती हा सेवा करणाऱ्याचाही हक्क आहे.

आणि तरीही एक उणीव राहते. पडद्यावरील हिरवी खूण आई पडलेली नाही एवढेच सांगते. ती जेवली का, कोणाशी बोलली का, हे सांगत नाही. आपल्या देशात ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासंबंधी २००७ साली कायदा झाला. अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांचा त्यात अंतर्भाव आहे. सोबतीचा हुकूम मात्र कोणताही कायदा देऊ शकत नाही. हिरवी खूण पाहून रविवारचा फोन टाळला जाणार असेल, तर त्या ॲपने आईला एक सुरक्षा देऊन दुसरा आधार काढून घेतला, असेच म्हणावे लागेल. तेव्हा ॲप हाती देताना मुलाने आईला, ‘हे तुला चालेल का?’ असे विचारावे आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी.