‘घरचा मुलगा’

ग्वाल्हेरच्या महाराजबाड्यावर चहाचे पेले विसळणाऱ्या पोराचे वय विचारावे, तर गल्ल्यावरून उत्तर येते, ‘घर का ही बच्चा है.’ लष्करातील आम्हां मराठी मंडळींच्या घरांतूनही भांडी घासणाऱ्या पोरीविषयी हेच बोलले जाई : ‘घरचीच समजतो आम्ही तिला.’ या शब्दात माया किती आणि सोय किती, हे ठरविणे अवघड आहे. कायद्यालाही ते ठरविता आलेले नाही.

ग्वाल्हेरचे हातविणीचे गालिचे नावाजलेले. १९८६ च्या कायद्याने गालिचे विणण्याच्या कामास चौदा वर्षांखालील मुले लावण्यास मनाई केली. मात्र मालक कुटुंबीयांच्या मदतीने चालवितो ती कार्यशाळा वगळली. माग तोच, लोकरीची धूळ तीच. परंतु धूळ घरची! २००६ साली घरगुती नोकरी व उपाहारगृहे यांवर बंदी आली. २०१६ साली चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामे निषिद्ध झाली. तथापि शाळा सुटल्यावर अथवा सुटीत, धोका नसल्यास, कौटुंबिक व्यवसायात हातभार लावण्याची मुभा राहिली. कुटुंबात काका, मामा, आत्या, मावशी हीही धरली गेली. ज्या देशात प्रत्येक दुकानदार मुलांचा मामाच असतो, तेथे ही व्याख्या फारच ऐसपैस म्हटली पाहिजे.

या सवलतीमागील विचार मी हलका मानीत नाही. कुंभाराचे मूल चाकाशेजारीच शिकते, आणि शासनाने चुलीपर्यंत यावे हे कोणालाच रुचत नाही. पण परक्या मालकाशी भांडता येते, त्याचे काम सोडता येते. बापाचे काम सोडून मूल जाणार कोठे?

तरीही नुसती धाड घालणे हा न्याय नव्हे. शिवकाशीच्या कारखान्यांविषयीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाकडून दर मुलामागे वीस हजार रुपये घ्यावेत, आणि शासनाने घरातील प्रौढास काम द्यावे, न जमल्यास पाच हजारांची भर घालावी, असा आदेश दिला. मुलाची मजुरी थांबविली की त्या घरात काहीतरी उणे पडते, हे येथे राज्यसंस्थेस हिशेबात धरावे लागले. परंतु बापच मालक असेल, तर वीस हजार मागावयाचे कोणाकडे? तेथे सगळा भार शासनावरच येतो. उंबरठ्याशी थांबण्यात कुटुंबाविषयीचा आदर किती आणि ही काटकसर किती, याचा उलगडा अजून कोणी केलेला नाही.

बाड्यावर तपासणीची गाडी आलीच, तर पोर मागच्या गल्लीत पळते. दिवेलागणीला पेले पुन्हा त्याच्याच हाती असतात.