थंड लोखंडावर घाव

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे आणि बहुतेकांनी कधी ना कधी दुसऱ्याला ऐकवलीही आहे. सत्संगात तर तिला फार मागणी. कुणाच्या घरी दीर्घ आजारपण असते, कुणाचा धंदा बुडालेला असतो, कुणाच्या संसारात कलह असतो. आपण समोर बसतो, आवाज मऊ करतो आणि सांगतो, "सोसा. सोने तापल्यावरच उजळते, लोखंड ठोकल्यावरच त्याचे हत्यार होते." ऐकणारा मान हलवतो. आपल्याला काहीतरी चांगले केल्यासारखे वाटते. त्याला काय वाटले, हे आपण सहसा विचारत नाही.

मीही हे सांगितले होते. आम्ही जयपूरला राहतो. येथील काही मराठी कुटुंबे दर गुरुवारी एकत्र बसतात, तेथे एक बाई येत असत. सासरी त्यांच्या अंगावर हात टाकला जात होता. एकदा सगळे उठल्यावर त्यांनी दंडावरचा वळ दाखवला आणि विचारले, "ताई, मी काय करू?" मी त्यांना घाव आणि देवपण सांगितले. त्यांनी नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि त्या घरी गेल्या. पुढे दोन वर्षे त्या येत राहिल्या, मग येईनाशा झाल्या.

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. दुःखाने माणूस घडतो, हे खरे आहे का? आणि खरे असले, तर ते कोणी कोणाला सांगावे?

हा प्रश्न मला पोथीतून पडला नाही, एका सुरीमुळे पडला. माझा भाचा पुण्यात अभियंता आहे आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घडवतो. गेल्या वर्षी तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याने स्वतः केलेली एक सुरी माझ्यासाठी आणली. पात्यावर पाण्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा लहरी होत्या. मला वाटले, वरून कोरल्या असतील. तो म्हणाला, "मावशी, वरून काढलेली नक्षी चार वेळा घासली की जाते. ही आतून आहे."

कशी, ते त्याने सविस्तर सांगितले. दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या घ्यायच्या. एकात कार्बन भरपूर, दुसऱ्यात थोडे निकेल. त्या आलटूनपालटून रचायच्या आणि भट्टीत पिवळ्याधमक होईपर्यंत तापवायच्या. सांध्यात मळ राहू नये म्हणून त्यावर टाकणखार टाकायचा, मग ठोकून एकजीव करायचे. लांब झालेला तुकडा मधोमध कापून दुमडायचा आणि पुन्हा तेच. सात थरांपासून सुरुवात केली, तर पाच दुमडींनंतर 224 थर होतात. शेवटी पाते आम्लात बुडवले की एक पोलाद काळवंडते, दुसरे चमकत राहते आणि नक्षी दिसू लागते. आम्ल ती तयार करत नाही, आत असलेली दाखवते.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. मऊ आणि कठीण लोखंड एकत्र ठोकून केलेल्या पोलादाला हिंदीत सकेला म्हणत. दुसरे पोलाद मुशीत वितळवून सावकाश निववलेले असे. त्याच्यासाठी तेलंगणातले कोनासमुद्रम प्रसिद्ध होते आणि तेथून पोलाद नेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. त्यात दुमडी नसते, नक्षी निवतानाच धातूच्या पोटात बसते. विजेवरच्या शोधांसाठी ज्याला आपण ओळखतो, तो मायकेल फॅरेडे 1819 नंतरची काही वर्षे याच भारतीय पोलादाचे गूढ उकलत बसला होता. तो स्वतः लोहाराचा मुलगा, तेव्हा नवल नाही. जयपूरच्या सिटी पॅलेसमधला सिलहखाना आम्ही मुद्दाम पाहिला. भाचा एकेका पात्यासमोर इतका वेळ उभा राहिला की रखवालदार संशयाने बघू लागला.

पात्यावरच्या या नक्षीला फारसीतून आलेला शब्द आहे जौहर. सार, अंगचा गुण, असा त्याचा अर्थ. राजस्थानात हा शब्द ऐकला की मनात दुसराच जौहर येतो, चितोडच्या स्त्रियांचा. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी मानली जातात, उच्चार मात्र एकच. चितोडचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून येथे सांगून ठेवले.

भाच्याला गावठी भट्टी पाहायची होती. जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण 40 किलोमीटरवर चाकसू आहे आणि जवळच शील की डूंगरी नावाच्या टेकडीवर शीतळामातेचे देऊळ. तेथे मोठी जत्रा भरते. त्यांच्या पंचांगात ती चैत्र कृष्ण अष्टमी, आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य अष्टमी. त्या दिवशी घरोघरी चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न देवीला दाखवायचे आणि तेच खायचे. आपल्या श्रावणातल्या शीतळासप्तमीसारखेच. आम्ही त्याच दिवशी गेलो. वाटेत रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांच्या चार-पाच गाड्या उभ्या होत्या, पितळी पत्रे ठोकलेल्या, नक्षीदार. भट्टी मात्र थंड. "आज आग नहीं जलेगी, परसों आना," एक म्हातारी म्हणाली. भाच्याचा चेहरा उतरला. मला बरे वाटले. वर्षातून एक दिवस आगीलाही विसावा मिळतो, हे मनात घेऊन आम्ही देवीच्या पायऱ्या चढलो.

दोन दिवसांनी परत गेलो. आता भट्टी पेटलेली होती. ट्रकच्या कमानीतल्या पाट्याचा तुकडा निखाऱ्यात होता. पुरुष खाली बसलेला, एका हातात सांडशी, दुसऱ्यात लहान हातोडी. घण मात्र त्याच्या बायकोच्या हातात. गाडिया लोहारांत घण बाईच घालते. तो लहान हातोडीने जागा दाखवी, ती नेमकी तेथे घण घाली. एक शब्दही नाही. मराठीत उरकून टाकलेल्या कामाला आपण घिसाडघाई म्हणतो आणि त्याचा संबंध घिसाडी या आपल्याकडच्या फिरत्या लोहारांशी जोडतो. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला, तो भट्टीपाशी कधी बसला नसावा, असे मला वाटले. तेथे घाई कुठेच नव्हती. मोजून सात-आठ घाव, की तुकडा पुन्हा निखाऱ्यात.

पाते जवळजवळ आकाराला आले होते. टोक थोडे वाकडे होते आणि माझ्या मते आणखी दोन घावांत सरळ झाले असते. तरी लहान हातोडी ऐरणीवर टकटकली आणि घण थांबला. मी विचारले, "अब थोड़ा ही तो बाकी था, रुक क्यों गए?" त्या बाईने कपाळाचा घाम पुसला आणि अगदी सहज म्हणाली, "लाली चली गई. ठंडे पर मारेंगे तो फट जावेगा."

परतताना भाच्याने शास्त्र सांगितले. लाल असताना पोलाद दबते, आकार घेते. लाली उतरल्यावर तोच घाव आत भेग पाडतो. ती भेग तेव्हा दिसत नाही, धार लावतानाही दिसत नाही. एखाद्या दिवशी दुधी चिरताना सुरी मोडते आणि आपण दुधीला दोष देतो. पुढचे तर मला ठाऊकच नव्हते. पाते सुमारे 800 अंशांवरून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतात, त्याला पाणी देणे म्हणतात. त्यामुळे ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळ. तसेच वापरले तर हातातून पडूनही तुटेल. म्हणून पुन्हा हलकेच, 200 अंशांच्या आसपास, गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग येईपर्यंत तापवून थोडा मऊपणा परत द्यावा लागतो. ज्याने फक्त सोसले, असे पाते निकामी.

वाचकहो, आपल्या म्हणीत यातले किती येते? घाव येतो. आधीची ऊब येत नाही, थांबण्याची वेळ येत नाही, नंतर परत दिलेला मऊपणा येत नाही. लोहाराला काय घडवायचे आहे ते आधी ठाऊक असते, तो घाव मोजतो आणि तडा गेला तर नुकसान त्याचेच होते. त्या बाईंच्या सासरी यातले कोण लोहार होते? संतापाने उठलेला हात काहीही घडवत नव्हता. त्याला देवाची टाकी म्हणणे, हा त्या बाईंवर तर अन्याय होताच, देवावरही होता.

आपण म्हणाल, पण कष्टाने माणूस तयार होतो हे आम्ही पाहिले आहे. मीही पाहिले आहे. पहाटे उठणे, उपवास, आजाऱ्याची सेवा, अपमान गिळून काम पुढे नेणे; यातून माणसे खोल होतात. पण नीट पाहिले तर तेथे दोन गोष्टी असतात. तो भार त्या माणसाने स्वतः उचललेला असतो, आणि त्याला ऊब देणारे कोणी जवळ असते. दोन्ही नसताना सोसून मोठी झालेली माणसे आपल्याला आठवतात, कारण ती उरली. जी मोडली त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. आणि शेवटी माणूस म्हणजे लोखंड नव्हे. लोखंडाला दुखत नाही, त्याला कोणी विचारतही नाही.

गाडिया लोहारांचीच गोष्ट घ्या. 1568 मध्ये चितोड पडले, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली अशी परंपरा आहे: चितोड परत मिळेपर्यंत घरात राहायचे नाही, खाटेवर झोपायचे नाही, रात्री दिवा लावायचा नाही. 1955 च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू त्यांना समारंभाने चितोडगडावर घेऊन गेले आणि शपथ पुरी झाल्याचे जाहीर झाले. तरी गाड्या आजही रस्त्याच्या कडेला आहेत. ही कथा आठवून माझा भाचा भारावून त्या म्हातारीला म्हणाला, "चार सौ साल! कितनी बड़ी तपस्या!" ती हसली. "तपस्या काहे की, बेटा? पट्टा नहीं मिला, इसलिए पड़े हैं."

पट्टा म्हणजे जमिनीचा कागद. पूर्वजांनी स्वतः घेतलेले व्रत हे तप होते. नातवंडांना शाळा नाही, पावसात छप्पर नाही, त्याला तप म्हणणे ही आपली सोय आहे. तसे म्हटले की हात जोडून पुढे जाता येते.

गीतेचा 17 वा अध्याय मी त्या रात्री पुन्हा काढला. तेथे तपाचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद आहेत, आणि मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस म्हटले आहे. हे मला माहीत होते. पण त्याआधी वाणीचे तप सांगितले आहे: बोलणे उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे असावे. तेथे मी थांबले. त्या बाईंना मी तप करायला सांगितले होते आणि त्याच वाक्यात माझे स्वतःचे तप मोडले होते. माझे बोलणे प्रिय होते, मऊ होते, सुभाषितासारखे होते. हिताचे नव्हते. खरे तर ते सोयीचे होते. हिताचे बोलायचे तर मला त्यांच्याबरोबर उठावे लागले असते, त्यांच्या माहेरी फोन करावा लागला असता, कदाचित ठाण्यात जावे लागले असते, आणि गुरुवारच्या मंडळींत कुजबुज झाली असती.

आता कोणी दुःख घेऊन आले की मी आधी विचारते, घाव अजून चालू आहेत का? चालू असतील तर पहिले काम ते थांबवणे. सोसण्यातून काही शिकायचे असेल, तर ते नंतर आणि ज्याने सोसले त्याने स्वतः ठरवून. हा नियम म्हणून सांगत नाही. मला अजूनही दरवेळी जमत नाही. जीभ जुन्या म्हणीकडे वळते.

त्या बाईंचा नंबर शोधायला मला बरेच दिवस लागले. त्या आता इंदूरला माहेरी असतात आणि शिवणकामाचे छोटे दुकान चालवतात. मी फोन केला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचे सांगितले." पलीकडे थोडा वेळ फक्त मशीनचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "ताई, मला उपाय नको होता. तेव्हा कुणीतरी एकदा 'निघ' म्हणायला हवं होतं. मी त्याच दिवशी निघाले असते."

मला बोलायला काही सुचले नाही. त्यांनीच विचारले, घरी सगळे बरे आहेत ना, गुडघे कसे आहेत. मग म्हणाल्या, "ठेवते हं, गिऱ्हाईक आलंय. ब्लाउज आज द्यायचाय."