पिन, टोपी आणि स्प्रिंग

हे मनन करताना गाडी समोर असलीच पाहिजे असं नाही. असली तर बरं. नसली तर बाबांची, काकांची, शाळेतल्या गुरुजींची जी जुनी जावा किंवा येझदी आठवत असेल, ती डोळ्यांसमोर आणा. इंजिनचं डाव्या बाजूचं झाकण उघडलेलं आहे असं धरा. आत गोल क्लच दिसतो. त्याच्या तोंडावर स्प्रिंगा आहेत, प्रत्येक स्प्रिंगवर टोपी, आणि टोपीच्या मधोमध एक आडवी पिन, जेमतेम नखाच्या लांबीची. आज त्या पिनेपाशी थांबायचं आहे.

इथे मुकुटबनात हे काम काढायचं तर आधी जागा ठरवा. झरी-जामणी तालुक्यातलं हे गाव. दक्षिणेला पैनगंगा, नदी ओलांडली की तेलंगण. जमिनीत चुनखडी, शेजारी कोळसा, वर कापूस आणि तूर. माजरीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग इथून जातो आणि 2022 पासून सिमेंटचा मोठा कारखानाही सुरू झालेला आहे. म्हणजे हवेत धूळ आलीच, कधी काळ्या रानाची, कधी ट्रकामागची. उघड्या क्लचला यातली कुठलीच चालत नाही. तेव्हा ओसरीचा कोपरा घ्या, जिथं वारा थेट येत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर बसा. दुपारी पत्र्याखाली पान्याला हात लावता येत नाही, आणि घामाने निसरड्या झालेल्या बोटांत एवढीशी पिन ठरत नाही. खाली जुनं पांढरं धोतर अंथरा. पांढरंच, कारण त्यावर तेलकट पिन पडली तरी दिसते. मातीत पडलेली पिन शोधण्यात लोकांच्या दुपारी गेल्या आहेत.

आता बसा. उकिडवं नको, मांडी घालून किंवा बुटक्या पाटावर. क्लच छातीच्या समोर यावा. खांदे सैल सोडा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. हे साधनेसाठी सांगत नाही. पिन अर्धी आत गेलेली असताना फोन वाजला, तर एक हात आपोआप उठतो. स्प्रिंगला तेवढंच पुरतं.

हात लावण्याआधी नुसतं पाहा. या गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून बाहेर पडू लागल्या, 1973 पासून टाकीवर येझदी हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे तुमच्यासमोरची गाडी कितीही अलीकडची असली तरी तिचा क्लच याआधी कुणीतरी उघडलेला आहे. बहुधा अनेकांनी, आणि सगळ्यांकडे खऱ्या पिना होत्याच असं नाही. एखाद्या टोपीत खिळा कापून घातलेला सापडतो, कुठे सायकलच्या आऱ्याचा तुकडा, कुठे दुहेरी वळवलेली तार. हसू नका. पिनेसाठी वणीच्या बाजारात जाऊन रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाने तो खिळा घातला असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याला बाजाराला जायचं असेल. पण खिळा मऊ असतो. रोज थोडा थोडा वाकतो. एक दिवस मोडतो, टोपी सुटते, आणि आत फिरणाऱ्या साखळीत लोखंडाचा मोकळा तुकडा जातो. मग झाकणाचं ॲल्युमिनियम फुटतं, किंवा साखळी तुटते. एवढ्याशा पिनेच्या जागी काय खर्च येतो, हे गॅरेजवाल्याला विचारावं लागत नाही.

या क्लचवर ताण किती वेळा येतो, याचाही विचार करा. जुन्या जावा-येझदीत किक आणि गियर यांना एकच दांडा असतो. गियर बदलायला पाय दाबला की क्लचही आपोआप मोकळा होतो. हातातला लिव्हर दाबला नाही तरी गियर पडतो. शहरातली मंडळी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा करतात तेव्हा या सोयीचं मोठं कौतुक होतं. (इथे तेव्हा डवरणीचे दिवस असतात, गाडी धुवायलाही कुणाला सवड नसते.) सोय खरीच आहे. पण तिचा अर्थ असा की प्रत्येक गियरला, हाताने किंवा पायाने, त्या सगळ्या स्प्रिंगा दाबल्या जातात आणि पुन्हा सुटतात. दर वेळी पिन आपल्या जागी राहते म्हणून चाक फिरतं. बंडीच्या आसाला टोकाशी खीळ असते, तसं तिचं काम. चाकापुढे ती दिसतही नाही, आणि ती निसटली की बंडी रस्त्यात बसते.

आता पिन चिमटीत घ्या. दोन बोटांत फिरवा. सरळ आहे का? मधोमध, जिथं स्प्रिंगमधून वर येणाऱ्या खुंटीच्या भोकात ती घासते, तिथं खाच पडली आहे का? डोळ्याला दिसली नाही तरी नखाला लागते. लागली तर ती पिन बाजूला ठेवा. तिच्यावर वाद घालू नका, घासून सरळ करायला जाऊ नका. आता स्प्रिंगा काचेच्या तुकड्यावर शेजारी शेजारी उभ्या करा. एखादी बुटकी निघाली तर तिच्या एकटीच्या जागी नवी घालू नका; सगळा संच बदला. एक स्प्रिंग कमी जोराची असली की स्प्रिंगांखालची प्रेशर प्लेट तिरपी उचलली जाते, एका बाजूला क्लच घसरतो आणि दुसऱ्या बाजूला सुटतच नाही. चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नाही. दोन उलट तक्रारी, मूळ एकच.

प्लेटांकडे फार वेळ देत नाही. कॉर्कच्या नव्या असतील तर रात्रभर तेलात भिजवून ठेवा, एक कॉर्क, एक लोखंडी, अशा आलटून पालटून बसवा, आणि लोखंडी प्लेट काचेवर ठेवून ती डुगडुगत नाही एवढं पाहा. मधल्या नटाचं मात्र सांगायलाच हवं. तो सोडण्याआधी आटे उलटे की सुलटे, हे आपल्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. हातोडीने विचारायचा प्रश्न तो नव्हे. आणि नटाखालचं लॉक वॉशर, ज्याचा कान वाकवून नटाच्या सपाट बाजूला टेकवतात, ते दर वेळी नवं घाला. एकदा वाकवलेला कान सरळ करून पुन्हा वाकवला की तो धरल्यासारखा दिसतो, धरत नाही. बुलेटवाल्यांच्या क्लचमध्ये प्लेटा धरायला ड्रमच्या खाचेत मोठं सर्क्लिप असतं. त्यांनी तेच ध्यान त्या सर्क्लिपवर लावावं. सगळीकडून खाचेत बसलं आहे ना, हे बोट फिरवून पाहावं. डोळा फसतो.

आता मूळ काम.

प्रेशर प्लेट बसली आहे. खुंट्या तिच्या भोकांतून वर आल्या आहेत. पहिली स्प्रिंग ठेवा, वर टोपी. (मॉडेलप्रमाणे तिचा आकार थोडा बदलतो; कुणी तिला वाटीही म्हणतात.) आता ही टोपी खाली दाबायची, इतकी की खुंटीच्या टोकाजवळचं बारीक भोक उघडं पडेल, आणि त्या भोकातून पिन आडवी घालायची. सांगायला एक वाक्य. करायला दोन हात अपुरे पडतात.

म्हणून अवजार लागतं. नळीचा लहान तुकडा घ्या, टोपीच्या काठावर नीट बसेल एवढ्या व्यासाचा. त्याच्या एका टोकाला करवतीने समोरासमोर दोन फटी पाडा, पिन आत शिरेल एवढ्या. कानस मारून धारा काढा. जुना बॉक्स पाना कापूनही हे होतं. काही मिस्त्री दोन स्क्रू ड्रायव्हर तिरपे लावून टोपी दाबतात आणि तिसरा हात पोराचा घेतात. त्या पोराचा डोळा मला नेहमी दिसतो. नळी करा. आणि चष्मा नसेल तर शेजाऱ्याचा आणा. सुटलेली टोपी चेहऱ्याच्या उंचीला येते.

नळी टोपीवर टेकवा. अजून दाबू नका. तळहात नळीच्या वरच्या टोकावर, मनगट सरळ. दुसऱ्या हातात नोज प्लायर, त्यात पिन, फटीच्या तोंडाशी. श्वास आत घ्या. सोडताना दाबायला सुरुवात करा, खांद्याने नव्हे, अंगाच्या वजनाने. स्प्रिंग उलटा जोर देते. देऊ द्या. तो जोर रागाचा नाही, तिचं ते कामच आहे. सुरुवातीला सोपं वाटतं, मग प्रत्येक दोऱ्याला जड होत जातं. भोकाचा वरचा काठ दिसला की बहुतेकांची घाई होते. पिन टेकवतात, ती अडते, मग आणखी जोर, मग प्लायर घसरतो. अर्धं भोक दिसत असताना पिन जात नाही. पूर्ण गोल दिसेपर्यंत खाली या.

दिसलं. आता थांबा. इथे दाब वाढवायचा नाही, सोडायचाही नाही. धरून ठेवायचा. हाताला ही अवस्था सगळ्यांत अवघड जाते, कारण हाताला ढकलणं येतं आणि सोडून देणं येतं. धरून राहणं शिकवावं लागतं. जुने मिस्त्री पोरांना एवढंच म्हणतात, ‘दाबून धर, जोर नको लावू.’ पिन पुढे सरकवा. तिला ढकलावं लागलं तर ती तिरपी आहे. मागे घ्या, पुन्हा समोर आणा. सरळ असली की ती आपोआप पलीकडे जाते आणि प्लायरला हलकं वाटतं. दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आली आहे का पाहा.

आणि मग दाब हळूहळू सोडा, एकदम नव्हे. टोपी वर येते, तिच्यावरच्या खाचेत पिन बसते, आणि आता ती आडवी सरकूच शकत नाही. एवढा वेळ जी स्प्रिंग तुम्हाला विरोध करत होती, तीच आता पिनेला खाचेत दाबून धरते. गोंद नाही, स्क्रू नाही, वळवलेली तार नाही. या रचनेचं मला अजून नवल वाटतं. ज्याने ती काढली त्याने वेगळं कुलूप शोधलंच नाही. समोर होता तो जोर कामाला लावला. गाड्या रिस्टोअर करणारे क्रोमवर, टाकीच्या रंगावर, रबरी गुडघापॅडवर हजारो रुपये घालतात. मला विचाराल तर या गाडीतली सर्वांत देखणी गोष्ट झाकणाखाली आहे.

पहिली पिन बसल्यावर दुसरीला लगेच हात घालू नका. बोटं उघडा, मिटा. दुसरी पहिलीपेक्षा सोपी जाते, आणि धोका तिथेच असतो. हात स्वतःवर खूष होतो. तिसऱ्या-चौथ्या पिनेला मन घराच्या आत गेलेलं असतं, चहा झाला का, पऱ्हाटीवर फवारणी कधी, याच्यात. त्याला रागावू नका. नळी पुन्हा टोपीवर टेकवली की ते परत येतं. शेवटची पिन पहिलीसारखीच बसवा, तेवढाच वेळ देऊन.

सगळ्या झाल्या की दिवा आडवा धरा. टोप्या एका पातळीत आहेत का? प्रत्येक पिन खाचेत खोलवर आहे, की एखादी काठावर चढून बसली आहे? काठावरची पिन वरून अगदी बरोबर दिसते. तिला टोकाने हलवून पाहावंच लागतं. मग कुणाला तरी क्लचचा लिव्हर हळू दाबायला सांगा आणि प्रेशर प्लेटकडे बघत राहा. ती सगळीकडून सारखी उचलली पाहिजे. एका बाजूला आधी उठली तर झाकण लावू नका. आज नाही तर उद्या लावा.

पांढऱ्या कापडावर काय उरलं तेही मोजा. जुन्या पिना जितक्या निघाल्या तितक्या दिसल्या पाहिजेत. एक कमी भरली तर ती आत आहे असंच समजा, आणि सापडेपर्यंत तेल भरू नका.

झाकण लावल्यावर पहिला फेरा गावातल्या गावात मारा. वणीच्या रस्त्याला लगेच लागू नका. इंजिन निवल्यावर केबलची ढील पुन्हा जुळवा. नव्या प्लेटा बसल्या की ती बदलते. नव्या पाकिटात पिना उरल्या असतील तर त्या तेलाचं बोट लावून डबीत ठेवा, डबीवर महिना-साल लिहा आणि डबी गाडीच्याच टूलबॉक्समध्ये टाका. पुढच्या वेळी हा क्लच उघडणारा तुम्ही नसलात, तर त्याला खिळा कापायची वेळ येऊ नये.